आकाशातील प्रथम वर्ग

‘वर्ग’ या शब्दाला मराठीने फार राबवले आहे. शाळेतील खोली म्हणजे वर्ग, गणितात संख्येला तिनेच गुणले की वर्ग, ग्रंथालयात विषयवारी लावली की वर्ग. आणि मार्क्सवाद्यांच्या हाती पडला की हाच शब्द संघर्षाला उभा राहतो. आम्हा प्राध्यापकांच्या दृष्टीने ‘प्रथम वर्ग’ हा मुख्यतः गुणपत्रिकेवरील शेरा आहे. साठ टक्क्यांची रेषा ओलांडली की तो मिळतो. एखाद्या वर्षी वर्गातील सगळेच विद्यार्थी प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले, तरी भाषेची किंवा तर्काची काही अडचण होत नाही. फार तर विद्यापीठाला संशय येतो. प्रवासातील प्रथम वर्गाचे असे नाही. एखाद्या विमानातील सर्व आसने सारखीच ऐसपैस, सारखीच मऊ आणि सारख्याच भाड्याची केली, तर त्या विमानात प्रथम वर्ग उरतच नाही. येथे ‘प्रथम’ हे गुणविशेषण नाही, क्रमवाचक संख्याविशेषण आहे, आणि क्रम लागायचा तर निदान दोन पदे हवीत.

चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगी नसते, इतर चिन्हांपासून असलेल्या त्याच्या भेदात असते, हे सोस्यूरचे म्हणणे आपण दरवर्षी शिकवतो, आणि दरवर्षी त्यासाठी तीच ती बुद्धिबळाच्या सोंगट्यांची उदाहरणे देतो. लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाचा इतिहास हे त्याहून बोलके उदाहरण आहे असे आम्हाला वाटते. कारण तेथे ही गोष्ट तर्काच्या पातळीवर न राहता तारीखवार घडली आहे: आकाशात दुसरा वर्ग आधी जन्मला आणि पहिला त्याच्यामुळे, त्याच दिवशी.

वर्गाची कल्पना अर्थात आकाशात जन्मली नाही. ती जहाजांवरून आणि आगगाडीतून तेथे गेली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा डब्यांची वर्गवारी इंग्लंडातून तयार होऊनच आली होती. जहाजांवरची वर्गवारी त्याहून जुनी. तिच्याविषयी एक व्युत्पत्ती इंग्रजीच्या वर्गात मोठ्या हौसेने सांगितली जाते. हिंदुस्थानाकडे येताना डावीकडची आणि विलायतेला परतताना उजवीकडची खोली उन्हापासून दूर म्हणून महाग. त्या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘पॉश’ हा शब्द झाला, अशी ती व्युत्पत्ती. तिला पुरावा नाही. पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर असा शिक्का मारलेले तिकीट कोणाला मिळालेले नाही, आणि कोशकार ती मानत नाहीत. पण लोकव्युत्पत्ती खोटी असली तरी ती लोकांना काय खरे वाटत होते ते सांगते. वर्ग म्हणजे सावली कोणाला मिळणार याचा हिशेब, हे लोकांनी बरोबर ओळखले होते.

आगगाडीच्या वर्गांविषयीचे सर्वांत मर्मग्राही विधान एका फ्रेंच स्थापत्य अभियंत्याचे आहे. झ्यूल द्युप्वी हे त्याचे नाव. अर्थशास्त्राच्या इतिहासात तो मानाने घेतला जातो. त्याने १८४९ मध्ये असे दाखवून दिले की तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसते ते छपराचा खर्च वाचवण्यासाठी नव्हे. छपराला असे किती पैसे पडणार? गरिबांना त्रास व्हावा अशी कंपनीची इच्छाही नसते. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम उघडा ठेवायचा. म्हणजे खालच्या वर्गाची गैरसोय हा वरच्या वर्गाच्या मालाचा एक घटक असतो. हे वाक्य मनात ठेवून पुढचा सगळा इतिहास वाचता येतो. गांधीजींना १८९३ मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या स्थानकावर प्रथम वर्गातून उतरवले गेले ही कथा सर्वांना ठाऊक आहे; १९१७ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील तिसऱ्या वर्गाच्या हालांविषयी जे लिहिले ते तितके वाचले जात नाही. पहिल्या प्रसंगात अन्याय एका माणसावर होता, दुसऱ्यात तो रचनेचा भाग होता. पुढे १९७४ मध्ये भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला. डबे बहुतांशी तेच राहिले, आकडा बदलला.

विमानाकडे वळू. इंपीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची ही सेवा सुरू केली. क्रॉयडनहून विमानाने बाझेल, तेथून आगगाडीने जेनोआ, मग समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया आणि तेथून पुन्हा जमिनीवरच्या विमानाने कराची; एकूण सात दिवस आणि एका बाजूचे भाडे १३० पौंड. त्या काळच्या सामान्य इंग्रज कामगाराची ती वर्षभराची मिळकत झाली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच कंपनीच्या मोठ्या जलविमानांत प्रवाशांना उठून फिरण्यासाठी, कठड्याशी उभे राहून खालचा नाईल पाहण्यासाठी खास जागा असे. आज ज्याला आपण प्रथम वर्गाचा थाट म्हणू तो सगळा तेथे होता. नव्हता तो फक्त ‘प्रथम वर्ग’ हा शब्द. विमानात वर्ग एकच होता, कारण भाड्याची भिंत विमानाच्या दाराबाहेरच उभी होती. आत शिरल्यावर पुन्हा पडदा लावायचे कारण नव्हते.

आपल्याकडची सुरुवात तर याहून साधी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानावर, एका लहानशा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन उतरले. त्या सेवेचा मुख्य प्रवासी टपालाची पिशवी हा होता. क्वचित एखादा माणूस आलाच तर त्याने त्या पिशव्यांच्या सोबतीने बसायचे.

महायुद्धानंतर विमाने मोठी झाली आणि कंपन्याही वाढल्या. १९४५ मध्ये हवाना येथे विमानकंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयाटा, स्थापन झाली आणि आंतरराष्ट्रीय मार्गांवरची भाडी तिच्या परिषदांतून ठरू लागली. एका मार्गावर सर्वांचे भाडे सारखे. साहजिकच स्पर्धा भाड्यात न होता जेवणात, मद्यात, गालिच्यात आणि आतिथ्यात होऊ लागली. आणि मग १ मे १९५२ रोजी उत्तर अटलांटिकच्या मार्गावर ‘टूरिस्ट’ या नावाचा स्वस्त वर्ग सुरू झाला. रांगा जवळजवळ आल्या, जेवण साधे झाले, भाडे उतरले. त्या दिवसापर्यंत ज्याला नुसतेच ‘तिकीट’ म्हणत होते, त्याला त्या दिवसापासून ‘प्रथम वर्गाचे तिकीट’ म्हणू लागले. जुन्या प्रवाशाला नवे काहीही मिळाले नाही. त्याच्या मागे कोणीतरी बसले, एवढेच. आमच्या मते विमानप्रवासाच्या इतिहासात इतके मोठे आणि इतके बिनखर्चाचे स्थित्यंतर दुसरे नाही.

दोन वर्ग झाल्यावर प्रश्न आला तो सीमेच्या राखणीचा. येथे एक प्रकरण थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे, कारण ते अखेर अर्थनिर्णयनाचे प्रकरण आहे. १९५८ मध्ये टूरिस्टपेक्षाही स्वस्त असा ‘इकॉनॉमी’ वर्ग आला. या प्रवाशांना काय खायला द्यायचे हेही आयाटाने ठरवले: थंड, साधी, स्वस्त सँडविचे. आता सँडविच म्हणजे काय? स्कँडिनेव्हियाच्या एस. ए. एस. या कंपनीने आपल्या देशातील रीतीप्रमाणे पावाच्या एका कापावर मांस, मासे, चीज, भाज्या यांची भरगच्च रचना करून ती वाढायला सुरुवात केली. त्यांच्याकडे सँडविच असेच असते. वरचा पाव नसतो. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने तक्रार केली की हे सँडविच नव्हे, हे जेवण आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर याची सुनावणी झाली, सँडविचमध्ये पावाला प्राधान्य हवे आणि त्याची सजावट नको असा निवाडा झाला, आणि एस. ए. एस. ला वीस हजार डॉलर दंड झाला. वर्तमानपत्रांनी याला ‘सँडविच-युद्ध’ म्हटले आणि जग हसले. हसण्यासारखे होतेच. पण द्युप्वीचे छप्पर आठवले की या निवाड्यातील गांभीर्य कळते. पावावर मांसाचा एक काप जास्त पडला तर कोणाचे काय बिघडणार होते? बिघडणार होते ते पुढे बसलेल्याचे. मागच्याला बरे जेवण मिळाले तर पुढच्याच्या जेवणाची चव जाते.

या सगळ्या कथेत भारताची जागा वेगळी आहे, आणि आमचे कुतूहल खरे तर तिच्याविषयी आहे.

एअर-इंडिया इंटरनॅशनलची पहिली लंडनसेवा ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाली. विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नाव ‘मलबार प्रिन्सेस’, मार्ग कैरो आणि जिनिव्हा, प्रवासी ३५, भाडे १,७२० रुपये. प्रवाशांत स्वतः जे. आर. डी. टाटा होते, नवानगरचे जामसाहेब होते, आणखीही काही राजेरजवाडे होते. जाहिरातीत प्रवाशाला बोलावणारी आकृतीही महाराजाचीच होती: भल्यामोठ्या मिशा, पट्ट्यापट्ट्यांचा फेटा, लांब नाक आणि झुकून केलेला नमस्कार. हा महाराजा १९४६ मध्ये, टाटांच्या विमानकंपनीतील बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेतील चित्रकार उमेश राव या दोघांनी, मुंबईत जन्माला घातला. मूळ उपयोग टिपणवहीवरील चित्र इतकाच. कूका सांगत असत की याला महाराजा म्हणायचे ते दुसरे नाव सुचत नाही म्हणून. याचे रक्त काही निळे नाही.

तारखा मात्र पाहाव्यात. ८ मार्च १९४८ रोजी सांगलीसह दक्षिणेतील बरीच मराठी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी हा कागदी महाराजा आकाशात चढला. जमिनीवर राजेपण उतरवले जात होते तेव्हाच ते जाहिरातीत चढवले जात होते. यात कूकांचा काही कावा होता असे आम्ही म्हणत नाही. उलट त्यांचा महाराजा बराचसा थट्टेखोर होता. मुंबईत केम्प्स कॉर्नरच्या फलकावर तो राजकारणावर कोपरखळ्या मारी, परदेशी कार्यालयांच्या भित्तिपत्रकांवर त्या त्या देशाच्या वेशात सोंगे घेई. विडंबनाला एक सोय असते: जे विडंबनाने टिकवायचे ते टिकते आणि वर टिकवल्याचा आरोपही येत नाही.

१९५३ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. टाटा अध्यक्ष राहिले. आता परिस्थिती अशी की समाजवादी समाजरचनेचे उद्दिष्ट सांगणाऱ्या प्रजासत्ताकाच्या मालकीचा एक महाराजा, परकीय धनिकांना नमस्कार करून, परकीय चलन मिळवत होता. हे ढोंग होते का? आमच्यातील एकाचे मत होय असे आहे. दुसऱ्याचे मत असे की नव्या, गरीब राष्ट्राला जगाच्या बाजारात उभे राहण्यासाठी जी दोन-चार भांडवले सहज हाती होती त्यांपैकी पाश्चात्यांच्या मनातील ‘पूर्वेचा थाट’ हे एक होते, आणि ते त्याने चतुराईने वापरले. वाद मिटला नाही. दोघांचेही एकमत आहे ते या थाटाच्या दर्जाविषयी. टाटा आपल्याच विमानातून प्रवास करताना टिपणे काढत: चहाचा रंग, आसनाचा कल, परिचारिकांच्या केसांची ठेवण, स्वच्छतागृहातील टापटीप. प्रथम वर्ग ही त्यांच्या लेखी चैन नव्हती, ती कसोटी होती. युरोपीय माणसाने भारतीयाच्या हातची सेवा घ्यावी आणि ती आपल्याकडच्यापेक्षा उजवी आहे असे त्याला कबूल करावे लागावे, यात एका पिढीचा स्वाभिमान गुंतला होता. आज त्यावर हसू नये.

या थाटाचा कलेशी आलेला संबंध आमच्या वाचकांना जवळचा वाटेल. १९५६ च्या सुमारास कंपनीने आपल्या देशोदेशींच्या तिकीट-कार्यालयांसाठी चित्रे घ्यायला सुरुवात केली, आणि अगदी सुरुवातीच्या खरेदीत बी. प्रभा यांची चित्रे होती. प्रभा नागपूरजवळच्या बेल्याच्या, तेव्हा विशीतल्या. पुढे कोळिणींच्या उभट, शांत, किंचित थकलेल्या आकृतींसाठी त्या ओळखल्या गेल्या. मुंबईच्या ससून डॉकवरची बाई लंडन-न्यूयॉर्कच्या झगमगत्या कार्यालयांत भिंतीवर होती आणि तिच्यासमोर उभे राहून लोक प्रथम वर्गाची तिकिटे काढत होते, हे चित्र आम्हाला विसरता येत नाही. हुसेन, गायतोंडे यांचीही चित्रे या संग्रहात आली. १९६७ मध्ये तर साल्वादोर दालीकडून रक्षापात्र करून घेतले: शिंपल्याचा आकार, भोवती साप, आणि आधाराला हत्ती की हंस असा संभ्रम पाडणारी आकृती; उलटसुलट पाहिले की एकाचे दुसरे दिसावे. सुमारे ५०० नग निघाले, तेही प्रथम वर्गाच्या प्रवाशांना भेट देण्यासाठी. दालीने मोबदला म्हणून हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते खरोखर स्पेनला पोहोचवले. अतिवास्तववादी कोण, मागणारा की देणारा, हे ठरवणे अवघड आहे.

या वैभवाचा कळस १९७१ मध्ये झाला. एप्रिलमध्ये पहिले जंबो, म्हणजे बोईंग ७४७, मुंबईत आले. हवाई दलाच्या दोन मिग-२१ विमानांनी त्याला सोबत केली. नाव ठेवले ‘एंपरर अशोक’. बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी झरोक्याची महिरप, आत भिंतींवर चित्रे, वर जायला गोल जिना आणि वर प्रथम वर्गाच्या प्रवाशांसाठी महाराजाच्या नावाचे विश्रामगृह. ‘आकाशातील तुमचा राजवाडा’ ही त्याची जाहिरात. या विमानाची एक बांधणी-गंमत अशी की वैमानिक वरच्या मजल्यावर बसतो, त्यामुळे प्रथम वर्ग विमानाच्या अगदी नाकात येतो. तेथील प्रवासी चालकाच्याही पुढे असतो. आणि त्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७१ रोजी, घटनेच्या २६ व्या दुरुस्तीने माजी संस्थानिकांचे तनखे आणि मानमरातब रद्द झाले. एकाच शासनाने एकाच वर्षात खऱ्या महाराजांचे राजवाडे खर्चात टाकले आणि खोट्या महाराजाला राजवाडा बांधून दिला. अशोकाचे नाव या राजवाड्याला का द्यावे हाही एक प्रश्नच. राज्यवैभवाविषयी त्याचे मत उत्तरायुष्यात पुष्कळ बदलले होते असे शिलालेखांवरून दिसते.

पण राजवाड्यात राहायला कोण आले? १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली, आणि केरळपासून रत्नागिरी-रायगडपर्यंतचे गवंडी, सुतार, वाहनचालक, स्वयंपाकी, परिचारिका विमानात बसू लागल्या. या मार्गांच्या उत्पन्नाने एअर इंडियाला पुढे अनेक वर्षे आधार दिला. झरोक्याच्या खिडकीतून पहिल्यांदा खाली पाहणारा हा प्रवासी महाराजाच्या जाहिरातीत कधी नव्हता. ‘एंपरर अशोक’चा शेवटही याच मार्गावर झाला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ते दुबईसाठी उडाले, काही क्षणांतच एक उपकरण बिघडल्याने वैमानिकांचा तोल-अंदाज चुकला आणि विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण होते; कोणी वाचले नाही. पुढच्याच महिन्यात टाटांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. दोन घटनांचा संबंध जोडू नये. पण एक युग संपले असे म्हणायला या दोन तारखा सोयीच्या आहेत. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा अम्मानहून मुंबईला एक लाखाहून अधिक भारतीयांना आणण्यासाठी सुमारे ४८८ फेऱ्या झाल्या. एअर इंडियाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे काम, आणि त्यात कोण कोणत्या आसनावर बसला याची चौकशी कोणी केली नाही.

बाकीचा इतिहास लवकर सांगता येतो. १९७८-७९ च्या सुमारास पॅन अ‍ॅम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास यांनी मधला ‘बिझनेस’ वर्ग काढला. कारण सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाल्यावर पूर्ण भाडे भरणारा व्यापारी, सुट्टीवर निघालेल्या कुटुंबाशेजारी बसायला कुरकुरू लागला. १९९५-९६ मध्ये प्रथम वर्गाला पूर्ण आडवे होणारे अंथरूण मिळाले, २००० मध्ये तेच बिझनेसला मिळाले. मग प्रथम वर्गाने पुढे काय करायचे? दार लावायचे. २००७ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजने दार लावता येणाऱ्या खोल्या आणल्या, त्याच वर्षी सिंगापूर एअरलाइन्सने जोडपलंग आणला, २००८ मध्ये एमिरेट्सने स्नानगृह, २०१४ मध्ये एतिहादने दिवाणखाना, शयनगृह आणि स्नानगृह असा तीन दालनांचा संसार. मागून येणाऱ्यापासून पळण्याची ही शर्यत होती, आणि बहुतेकांना ती परवडली नाही. जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. अनेक कंपन्यांनी प्रथम वर्ग काढून टाकला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली आणि २०२४ मध्ये तिच्या ताफ्यात जी एअरबस ए-३५० विमाने आली, त्यांत प्रथम वर्ग ठेवलेला नाही. ‘बिझनेस’ आता सर्वांत पुढे बसतो, पण त्याला कोणी ‘प्रथम’ म्हणत नाही.

सप्टेंबर २००९ मधील एक लहानसे प्रकरण मात्र गाळवत नाही. सरकारने काटकसर म्हणून मंत्र्यांना इकॉनॉमी वर्गाने जायला सांगितले. परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी एका प्रश्नाच्या उत्तरात त्या वर्गाला ‘कॅटल क्लास’ म्हटले आणि वादळ उठले. इंग्रजीत हा रुळलेला वाक्प्रचार आहे. त्याचा रोख दाटीवाटीने कोंबणाऱ्या कंपनीवर असतो, कोंबलेल्यांवर नाही. पण त्याचे ‘गुरांचा वर्ग’ असे भाषांतर करून पाहावे: विनोद भाषांतरात मरतो आणि अपमान तेवढा जिवंत राहतो. बोलणारा कोठे बसला आहे यावर वाक्याचा अर्थ ठरतो याचे हे उदाहरण आम्ही भाषांतराच्या तासाला वापरतो.

मराठी प्रवासवर्णनाने या पडद्यापलीकडे फारसे पाहिलेले नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये आपल्या अमेरिकेच्या पुस्तकाला नाव दिले त्यात ‘लोकस्थिती’ आधी आहे आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. पुढे हा क्रम उलटला. आपली बहुतेक प्रवासवर्णने विमान उतरल्यावर सुरू होतात. जगात अन्यत्र साहित्याने या विषयाला हात घातला, पण कसा घातला ते पाहण्यासाठी ‘मलबार प्रिन्सेस’कडे परत जावे लागेल.

३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच विमान मुंबईहून लंडनला जाताना, जिनिव्हाला उतरण्यापूर्वी, माँ ब्लाँच्या शिखराजवळ आदळले. चाळीस प्रवासी आणि आठ कर्मचारी गेले. शोधपथकातील रने पायो हा शामोनीचा वाटाड्या हिमनदीच्या भेगेत दगावला. दोन वर्षांनी फ्रेंच कादंबरीकार आंरी त्र्वाया याने या अपघातावरून एक कादंबरी लिहिली. तिच्यावर १९५६ मध्ये स्पेन्सर ट्रेसीचा ‘द माउंटन’ हा चित्रपट निघाला. कथेत भारतातून आलेले विमान शिखरावर पडते, आणि दोन भावांपैकी धाकटा थोरल्याला घेऊन वर चढतो तो मृतांची संपत्ती लुटण्यासाठी. वर त्यांना एक भारतीय स्त्री जिवंत सापडते. भारतातून आलेल्या विमानात संपत्ती असणारच, हे लेखकाला आणि वाचकाला दोघांनाही सिद्ध करावे लागले नाही. महाराजाने आपले काम चोख केले होते.

प्रत्यक्ष त्या विमानातील प्रवासी बहुतेक भारतीय खलाशी होते. जहाज इंग्लंडच्या बंदरात उभे होते आणि त्यावर कामाला रुजू होण्यासाठी कंपनीने त्यांना विमानाने बोलावले होते. या विमानकंपनीवरील जेवढे लेखन आमच्या वाचनात आले, त्यात १९४८ च्या उड्डाणातील जामसाहेब ठिकठिकाणी भेटतात. या खलाशांपैकी एकाचेही नाव आम्हाला त्यात आढळले नाही.